चार्ल्स लॉइड आणि तीन तरुण

आपल्या बैठकीत शिष्य गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसतो आणि खूण झाली की सूर भरतो. जॅझच्या चौकडीत रिवाज वेगळा. तेथे धाकटा वादक ज्येष्ठाला मध्येच अडवू शकतो. नव्हे, त्यासाठीच त्याला बोलावलेले असते.

सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड यांचा जन्म १९३८ सालचा, मेम्फिसचा. डिसेंबर २००९ मध्ये 'मिरर' ध्वनिमुद्रित झाला तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. पियानोवर जेसन मोरान, डबल बासवर रूबेन रॉजर्स, ड्रमवर एरिक हारलँड. तिघेही पस्तिशीच्या आसपासचे. ही खोड जुनीच. १९६६ साली लॉइड यांनी वीस वर्षांच्या कीथ जॅरेटला आपल्या चौकडीत पियानोवर बसवले होते.

'मिरर'मध्ये जुन्या चिजा पुष्कळ आहेत. थेलोनियस मंकच्या रचना आहेत, गुलामीच्या काळातले 'गो डाउन मोझेस' आहे. मग नवे काय? आपला षड्ज मैफलभर हलत नाही. जॅझमध्ये मात्र पियानोवाल्याने खालचा स्वरमेळ बदलला, की वर धरून ठेवलेल्या त्याच सुराचा अर्थ पालटतो. सूर म्हाताऱ्याचा, पायाखालची जमीन तरुणाने सरकवलेली! त्याने तोल सावरत पुढे जायचे. आपल्या किती बुजुर्गांना हे रुचेल?

शेवटच्या 'तागी'मध्ये लॉइड भगवद्गीतेतील वचने बोलतात. 'गीता, गीता' असे भराभर म्हणत गेले की 'तागी', म्हणजे त्यागी, असे ऐकू येते, हे रामकृष्ण परमहंस सांगत असत.