तेल झिजते का?

मोटरसायकलचा टायर झिजतो, ब्रेकचे लायनर झिजते, चेन सैल पडते. या वस्तू बदलाव्या लागतात याचे आपल्याला नवल वाटत नाही, कारण त्यांची झीज डोळ्यांना दिसते. पण काही हजार किलोमीटर झाले की मेकॅनिक इंजिनातले लिटरभर तेल काढून नवे भरतो, तेव्हा मात्र मनात प्रश्न येतो. तेल तर द्रव पदार्थ! त्याचे काय झिजले? मोजले तर जवळजवळ तेवढेच भरते. मग ते बदलायचे कशासाठी?

आधी हे तेल करते काय ते पाहू. आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या १०० सी.सी.च्या एका परिचित इंजिनात पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर असते. मिनिटाला ६,००० फेरे म्हणजे सेकंदाला १००. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर व एकदा खाली जातो. गुणाकार करून पाहा. सरासरी वेग सेकंदाला ९.९ मीटर येतो. ऑलिंपिकमधला धावपटू शंभर मीटरची शर्यत साधारण याच वेगाने संपवतो. इतक्या वेगाने धातूवर धातू कोरडा घासला, तर इंजिन काही मिनिटांत जाम होईल. चालत्या गाडीचे मागचे चाक असे अचानक धरले गेले, तर चालक रस्त्यावर आपटतो. हे टाळते ती तेलाची एक पातळ फीत, आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ.

एवढीशी फीत एवढा भार कशी पेलते? याचा उलगडा एका छिद्रामुळे झाला. बीचम टॉवर हे इंग्रज अभियंते १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक छिद्र पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी छिद्रातून वर येऊ लागले! त्यांनी बूच ठोकले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. दाबमापक जोडल्यावर कळले, की फिरणारा आस आपल्यासोबत तेल ओढून नेतो, ते अरुंद फटीत पाचरीसारखे शिरते आणि तेथे त्याचा दाब इतका वाढतो की आस तेलावर अक्षरशः तरंगतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये याचे गणित मांडले. पिस्टनच्या कडेलाही, धावेच्या मधल्या वेगवान भागात, हेच घडते.

हे सारे तेलाच्या श्यानतेवर, म्हणजे साध्या भाषेत दाटपणावर अवलंबून असते. तेल फार पातळ झाले तर फीत तुटते. फार दाट झाले तर अरुंद जागी वेळेवर पोचत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तेलाचे रेणू म्हणजे कार्बन व हायड्रोजन यांच्या लांब साखळ्या. तापल्यावर तेल फार पातळ होऊ नये म्हणून त्यात त्याहून कितीतरी लांब साखळ्यांचे एक बहुवारिक मिसळतात. डब्यावर ‘१० डब्ल्यू ३०’ असे लिहिलेले असते ते अशाच तेलाचे नाव. मोटारीच्या इंजिनाला आणि गिअरपेटीला वेगवेगळे तेल असते. बहुतेक मोटरसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात न्हात असतात. गिअरचे दाते या लांब साखळ्यांना अडकित्त्यात सुपारी कातरावी तसे कातरतात. साखळ्या तोकड्या झाल्या, की गरम तेलाचा दाटपणा उतरतो. थोडक्यात, तेल झिजते! फक्त ही झीज रेणूंची असते म्हणून दिसत नाही. (मोटारीसाठीचे तेल मोटरसायकलीत घालू नये, तेही याच एकत्र कुटुंबामुळे. त्यातली घर्षण कमी करणारी काही द्रव्ये क्लचच्या चकत्यांवर बसली, की क्लच घसरू लागतो.)

शिवाय गरम तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट गाळ तयार होतो. पाण्याचाही भाग आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते, हे ऐकून विद्यार्थ्यांचा विश्वास बसत नाही. रासायनिक समीकरण मांडून पाहा. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते. पण रोज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच गाडी नेणाऱ्याचे इंजिन पुरते तापत नाही, आणि थोडे पाणी तेलात राहते. तेल काळे पडणे ही मात्र आपोआप वाईट खूण नव्हे. काजळी धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे.

ज्यांच्या घरी जुनी राजदूत किंवा येझदी होती त्यांना हे नवे वाटेल. त्या टू-स्ट्रोक गाड्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळून जाळून टाकत, आणि बदलायचे असे ते फक्त गिअरपेटीचे.

तेल काढताना इंजिन कोमट असावे. ४० अंशांना जे तेल असते, तेच १०० अंशांना सहा-सात पट पातळ होते. कोमट तेल गाळासकट भराभर उतरते. खालचा नट परत बसवताना पाना लांब घेऊन जोर लावण्याचा मोह होतो. तरफेचा नियम आठवा. नट पोलादाचा, पण ज्यात तो बसतो ते आवरण ॲल्युमिनियमचे. आटे गेले तर दहा मिनिटांचे काम काही हजारांवर जाते. नटाखालचा मऊ धातूचा वायसर नवा घालावा. तो चेपला जाऊन फट बुजवतो, आणि एकदा चेपलेला पुन्हा तितका चेपत नाही. निघालेले जळके ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नये. त्यातील काही संयुगे कर्करोगकारक आहेत, म्हणून ते हाताला लागू न देणेही बरे. ते बंद डब्यात भरून, जुने तेल शुद्धीकरणासाठी पाठवणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे.

अशीच न दिसणारी झीज मोटरसायकलीत आणखी एका ठिकाणी होते. टाकीच्या कॉकपासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी वीतभर रबरी नळी तुम्ही पाहिली असेल. तिला काही घासत नाही, तिच्यातला दाबही नगण्य. टाकी ३० सेंटिमीटर उंच धरली तर तो वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दोन टक्के येतो. तरी काही वर्षांनी ती तडकते. रबरही लांब साखळ्यांचेच बनलेले असते, आणि येथे कातरणारा अडकित्ता म्हणजे हवेत अत्यल्प प्रमाणात असणारा ओझोन. तो ताणलेल्या रबराला भेगा पाडतो, आणि भेग नेहमी ताणाच्या दिशेला आडवी जाते. त्यामुळे भेग पाहून ताण ओळखता येतो! नळीच्या बाकावर बाहेरची बाजू लांबीत ताणलेली असते, म्हणून तेथे आडव्या भेगा. टोकाला तोटीवर चढवताना नळी रुंदीत ताणली जाते, म्हणून तेथे उभ्या. गळती बहुधा या टोकांपाशी सुरू होते. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले आहे, आणि जुन्या गाड्यांतील काही प्रकारचे रबर त्याने फुगते वा लवकर खराब होते. त्यामुळे जुन्या गाडीची नळी अधूनमधून वाकवून पाहणे आले.

पेट्रोलची वाफ कडक थंडीतही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते. म्हणून नळी बदलताना इंजिन पूर्ण थंड हवे, कॉक बंद हवा, काम उघड्यावर, आणि जवळ देवघरातली निरांजनसुद्धा नको. नळी पेट्रोलसाठी बनवलेलीच घ्यावी. पाण्याची पारदर्शक नळी स्वस्त मिळते, पण पेट्रोलने कडक होऊन ती टोकापासून सुटते. हे सर्व घरातल्या जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. २०२० नंतरच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांतील नळीत पंपाचा दाब असतो. तिला घरी हात लावू नये.

म्हणजे तेलाला इंजिन कोमट हवे, नळीला थंड. दोन्ही कामे एकाच दिवशी करायची तर सकाळी आधी नळी बदलावी. मग सांडलेले पेट्रोल पुसून, वाफ निघून जाईपर्यंत थांबावे. नंतर कॉक उघडून दोन्ही टोके कोरडी आहेत ना ते पाहावे आणि इंजिन चार-पाच मिनिटे चालवावे. गळती नाही याची खात्री होईपर्यंत तेलही काढण्याजोगे कोमट झालेले असते.