दिवाण लवकर पडतो तेव्हा

फाशांचं राज्य : लेखांक ६

राक्षसभुवन. कल्पित राक्षसांचा खेळ मांडणाऱ्याला याहून वेगळं नाव शोधायची गरजच नाही. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी असलेलं हे गाव. आपल्याकडची माणसं तिथे शनीच्या दर्शनाला जातात. १० ऑगस्ट १७६३ रोजी इथेच माधवराव पेशवे आणि निजामअली यांच्या फौजा भिडल्या. निजाम नदी ओलांडून पलीकडे गेलेला, अलीकडच्या काठावर त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन उभा, मधे पावसाळ्यातली गोदावरी. लढाईत रघुनाथराव गराड्यात सापडले, माधवरावांनी चाल करून त्यांना सोडवलं. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि त्याच्या बाजूचा धीर सुटला.

मागच्या महिन्यात आमच्या रविवारच्या बैठकीत मी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये हाच डाव मांडला, थोडी मंत्रतंत्राची फोडणी देऊन. दिवाणाला केलं विझार्ड, म्हणजे मांत्रिक. ते सोंग घ्यायला बारावीतला एक मुलगा बसला. आठवडाभर वहीत मंत्र लिहून आणले होते त्याने. पहिल्याच फेरीत पलीकडच्या झाडीतून चार तीर सुटले, तीन लागले, दिवाण आडवा. त्याची पाळीसुद्धा आलेली नव्हती. मग दोन तास बाकीचे पाचजण लढत राहिले आणि हा पेन्सिलीला टोक काढत बसला. शेवटी म्हणाला, “काका, मी आता काय करू?” मी म्हणालो, “खाली जाऊन चहा सांगून ये.”

आजचा लेखांक त्या चहाबद्दल आहे. वर्गावर्गांतला टिकाऊपणा जुळवायचा म्हणजे फायटर (लढवय्या), क्लेरिक (जखमा भरणारा पुजारी), विझार्ड यांच्या अंगात किती बळ भरायचं, असं आपण समजतो. मला आता वाटतं, प्रश्न सोंगाचा कमी आणि ते घेऊन बसलेल्या माणसाचा जास्त आहे. त्याच्या वाट्याला संध्याकाळभरात किती पाळ्या येतात?

हिट पॉइंट, म्हणजे पात्र पडेपर्यंत किती मार सोसतं तो आकडा. ही कल्पना आली कुठून, ते आधी पाहू. १९७१ साली आलेल्या ‘चेनमेल’ या युद्धखेळात साधा शिपाई एका फटक्यात मरायचा. शंभर शिपाई मांडले असतील तर त्यातल्या एकाचं कोणाला काय? पण मिनेसोटात डेव्ह आर्नेसन यांनी प्रत्येक भिडूला एकच माणूस दिला, त्याला नाव दिलं, आणि लगेच तक्रार सुरू झाली : माझा माणूस एका घावात जाता कामा नये. आर्नेसन यांनी मग लोखंडी युद्धनौकांच्या खेळातली युक्ती उचलली. जहाज एका गोळ्याने बुडत नाही, थोडं थोडं मोडत जातं. तोच हिशेब माणसाला लावला. आज भिडू ज्याला ‘रक्त’ म्हणतात, तो आकडा मुळात जहाजाचा आहे.

१९७४च्या पहिल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये सगळ्यांचा फासा एकच होता, आपला नेहमीचा सहा बाजूंचा. पहिल्या पातळीला लढवय्याला त्यावर एक वाढीव, एवढाच फरक. आणि हत्यारांचा घावही त्याच सहाबाजू फाशाचा. म्हणजे मांत्रिकाच्या अंगात सरासरी साडेतीन, येणारा घावही सरासरी साडेतीन. नाणेफेकच ती. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीने फासे वाटून दिले : लढवय्याला आठ बाजूंचा, क्लेरिकला सहाचा, मांत्रिकाला चारचा. तेव्हापासून तीसहून जास्त वर्षं मांत्रिकाच्या नशिबी तो चारबाजू फासाच राहिला. आपल्याकडे तो बाजारात सहज मिळत नाही. आम्ही वाटीत चार चिठ्ठ्या टाकून काम भागवतो.

यामागे एक वायदा होता. आज तू काचेचा आहेस, उद्या आगीचे लोट सोडशील. ऐकायला हा न्याय वाटतो. पण दहाव्या पातळीची मौज पहिल्या पातळीला गेलेल्याच्या काय कामाची? पेरणीनंतर पाऊस दडी मारतो तेव्हा दिवाळीला कापसाला भाव चढणार या बातमीचं जे होतं, तेच.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत मांत्रिकाला सहा बाजूंचा फासा मिळाला, फायटरला दहाचा. आता एक साधा हिशेब करू. दोघंही पाचव्या पातळीचे, दोघांची प्रकृती सारखी, वाढ सरासरीने धरलेली. फायटरचे हिट पॉइंट होतात ४४, मांत्रिकाचे ३२. फरक फार नाही, दीडपटही नाही. बरेच नवे डीएम, म्हणजे डाव मांडणारे, इथेच वही मिटतात.

पण मागच्या लेखांकातलं चिलखत आठवा. फायटरच्या अंगावर साखळी चिलखत आणि हातात ढाल, म्हणून त्याचा बचाव १८. मांत्रिक सुती अंगरख्यात, बचाव १२. वीसबाजू फाशात पाच मिळवून वार करणारा शत्रू फायटरला शंभरात ४० वेळा लागतो, मांत्रिकाला ७० वेळा. एका घावाला सरासरी आठ धरा. मग दर वारामागे फायटरचे जातात ३.२ आणि मांत्रिकाचे ५.६. भागाकार केला की फायटर जवळजवळ चौदा वार सोसतो, मांत्रिक सहाच्याही आत. कागदावर दीडपटीच्या आत असलेला फरक मैदानात अडीचपटीच्या घरात गेला. फासा बदलून हा फरक मिटत नाही, कारण तो फाशात नाहीच.

बार्बेरियनचं गणित तर याहून मजेदार. त्याचा फासा बाराचा, म्हणून लोक त्याच्या फाशाकडे बघतात. पण संतापात असताना हत्यारांचा घाव त्याला निम्माच लागतो, खरी गोम तिथे आहे. वरच्याच हिशेबात त्याचे ५० धरले आणि बचाव १५, तर संतापात तो बावीस वार सहज पचवतो. संताप उतरला की अकरा, म्हणजे फायटरहूनही कमी. आणि आग टाकली तर संताप काही कामाचा नाही. आमच्याकडे हे सोंग घेणारा गडी दर खेपेला पहिल्या खोलीतच सगळा संताप खर्च करतो आणि तिसऱ्या खोलीत नियमांना शिव्या देतो.

मांत्रिकालाही आडोसे आहेत. चिलखताचा मंत्र आधी म्हटला असता तर आमच्या दिवाणाचा बचाव तीनने वाढला असता. ढालीचा मंत्र ऐन वेळी आणखी पाच देतो. पोराच्या वहीत दोन्ही होते. चिलखताचा आधी म्हणायचा राहिला, आणि ढालीचा ऐन घाईत आठवला नाही. मीही आठवण करून दिली नाही, ही माझी चूक.

लहानपणी आपण या प्रश्नावर तोडगा काढलेला होता. लपंडावात, पकडापकडीत कोणाचं तरी धाकटं भावंड यायचंच. ते पहिल्याच धावेत बाद होणार हे सगळ्यांना ठाऊक. मग ते ‘कच्चं लिंबू’. त्याला पकडलं तरी राज्य येत नाही. तोडगा प्रेमळ आहे, पण जरा मोठं झालेल्या मुलाला त्यासारखा अपमान नाही. डीएमने तीर मुद्दाम चुकवले की भिडूला ते लगेच कळतं. आपलं कच्चं लिंबू केलंय हे लक्षात आलं की तो जगतो, पण खेळत नाही.

कबड्डीची रीत मला जास्त पटते. तिथे गडी बाद होतो, बाहेर बसतो, आणि आपल्या संघाने समोरचा गडी मारला की उठून परत येतो. पाचव्या आवृत्तीत शून्यावर आलेलं पात्र लगेच मरत नाही. आपल्या पाळीला फासा टाकतं, तीन बरे पडले तर तग धरतं, तीन वाईट पडले तर संपतं, आणि मधे कोणी एक हिट पॉइंट जरी परत दिला तरी उठून उभं राहतं. मी राक्षसभुवनच्या डावात ‘जुनी कडक पद्धत’ म्हणून हा नियम काढून टाकला होता. आता वाटतं, तो कडकपणा कोणाला दाखवायला होता कोण जाणे.

आणखी एक गोष्ट आकड्यांत बसत नाही. शत्रू कोणावर वार करणार, हे ठरवतं कोण? संगणकावरच्या खेळांत मजबूत गडी आरोळी ठोकतो आणि राक्षस मुकाट त्याच्या मागे लागतात. टेबलावर राक्षसाच्या जागी मी बसलेलो असतो, आणि मला दिसतंय की मागे उभा असलेला बिनचिलखताचा माणूस जास्त धोक्याचा आहे. मग फायटरचे ४४ शाबूत राहतात आणि उपयोग कोणालाच होत नाही. २००८च्या चौथ्या आवृत्तीने फायटरला शत्रूवर ‘खूण’ करायची मुभा दिली : मला सोडून दुसऱ्यावर वार केलास तर नेम बिघडेल. पुष्कळांना ते फार यांत्रिक वाटलं. माझ्या मते त्या आवृत्तीतलं सर्वांत शहाणं कलम तेच.

राक्षसभुवनला रघुनाथराव वाचले ते त्यांच्या स्वतःच्या टिकाऊपणावर नव्हे. कोणीतरी मधे येऊन पोहोचलं. दिवाणापर्यंत तसं कोणी पोहोचलं नाही.

म्हणून परवा डाव पुन्हा मांडला तेव्हा दिवाणाच्या रक्ताला मी हातही लावला नाही. तिरंदाज झाडीतून काढून उघड्या वाळूत आणले. फायटरला त्या खुणेसारखा एक घरगुती नियम दिला. शून्यावरचे फासे परत आणले. आणि पहिल्या फेरीचा अंदाज आधी वहीत मांडून पाहिला : कुठल्याही पात्राला एका फेरीत लागतील असे घाव त्याच्या एकूण रक्ताच्या निम्म्यावर जाऊ नयेत. फायटर निम्म्यावर आला तर हरकत नाही, त्याला मार खायलाच पुढे उभं केलंय.

दिवाण चौथ्या फेरीत पडला, पाचव्यात क्लेरिकने उठवला, सहाव्यात पुन्हा पडला. मधे त्याने वाळूत अशी आग लावली, की पेशव्यांच्या बाजूने खेळणाऱ्या दोघांनी नियमांचं पुस्तकच मागितलं. शेवटी सगळे उरलेसुरले निजामाचे गडी काठाला लागले, आणि तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की नदीला पूर आहे आणि नाव एकच आहे.

चहा सांगायला त्या दिवशी मीच गेलो. परत आलो तर नावेत कोण बसणार यावर भांडण चाललं होतं, आणि दिवाण शून्यावर पडल्या पडल्या सगळ्यांत मोठ्याने बोलत होता.

(पुढच्या आठवड्यात : पुराला किती हिट पॉइंट?)