अग्निपरीक्षा नव्हे, कसोटी

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात बपेऱ्याजवळून बावनथडी नदी वाहते आणि पलीकडे मध्य प्रदेश लागतो. या भागात धानाची सरकारी खरेदी सुरू झाली की एक शब्द जो तो बोलू लागतो: निकष. ओलावा 17 टक्क्यांच्या वर गेला की धान निकषात बसत नाही. हा संस्कृत शब्द मुळात नियमाचा नाही, दगडाचा आहे. सोनार ज्यावर सोने घासून पाहतो, तो काळा दगड म्हणजे निकष. इंग्रजीतली ‘ॲसिड टेस्ट’ याच दगडावर होते. माणूस, वस्तू किंवा दिलेला शब्द भरवशाचा आहे की नाही, याचा निकाल लावणारी परीक्षा, असा तिचा अर्थ.

तिचे मराठी करताना मथळ्यांतही सर्रास ‘अग्निपरीक्षा’ लिहिले जाते. इथेच मोठा गैरसमज आहे. अग्निपरीक्षेत संशय ज्याच्यावर आहे त्यालाच सोसावे लागते. सीतेने ती दिली, तरी लोकांचा संशय संपला नाही. सोनाराच्या परीक्षेत सोसणे नाहीच. दागिना दगडावर ओढला की बारीक रेघ उमटते, तोच कस. शेजारी माहीत असलेल्या सोन्याची रेघ ओढतात आणि दोन्हींवर तेजाबाचा, म्हणजे नायट्रिक आम्लाचा, थेंब सोडतात. तांबे, जस्त, चांदी त्यात विरघळतात; सोने तसेच राहते. भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखले जाते. चिंचेने लख्ख घासलेले पितळ नजरेला सोन्यासारखे दिसेल, पण ते तांबे आणि जस्त मिळून बनलेले असते, त्यामुळे त्याची रेघ थेंबाखाली पुसून जाते. ‘पितळ उघडे पडणे’ हा वाक्प्रचार मुलाम्याखालच्या पितळाचा. या क्षणालाही तो नेमका बसतो.

म्हणून ॲसिड टेस्टला मराठी शब्द ‘कसोटी’. क्रिकेटमुळे तो पोराटोरांनाही ठाऊक आहे. दोन हंगाम बुडालेला शेतकरी कर्जाचे हप्ते भरतो, ती त्याची अग्निपरीक्षा. नवा पूल पहिल्या मोठ्या पुरात टिकतो का, ही पुलाची कसोटी. पहिल्यात वेदना आहे, दुसऱ्यात पुरावा. भाषांतरात हा फरक हरवला की जो खरा ठरायचा आहे, त्याने आधी भाजून निघाले पाहिजे असे आपण नकळत मान्य करतो. ते मला पटत नाही.

दुसरा गोंधळ दगडाचा. ‘टचस्टोन’ला, म्हणजे सोनाराच्या याच दगडाला, काही जण परीस म्हणतात. परीस लोखंडाचे सोने करतो, अशी कल्पना आहे. कसोटीचा दगड काहीच बदलत नाही. जे आहे तेवढे सांगतो.

लिटमस चाचणीही वेगळी. लिटमसचा रंग बदलला की पदार्थ आम्ल आहे की आम्लारी एवढे कळते. सोन्याशी त्याचा संबंध नाही.

कसोटीला उतरले म्हणजे शंभर टक्के शुद्ध, हाही समज चुकीचा. 22 कॅरेटच्या दागिन्यावर 916 हा आकडा असतो: हजार भागांत 916 भाग सोने, उरलेली दुसरी धातू. तरीही त्याची रेघ नायट्रिक आम्लाला पुरून उरते. शिवाय रेघ वरच्या थराचीच असते. मुलामा जाड असेल तर कानशीने आतपर्यंत खरवडून पुन्हा रेघ ओढावी लागते.

आणि हा शब्दप्रयोग हल्लीच्या व्यवस्थापनवाल्यांनी काढलेला नाही. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी 8 जानेवारी 1918 च्या चौदा कलमांच्या भाषणात, इतर राष्ट्रे रशियाशी कशी वागतात याला त्यांच्या सदिच्छेची ॲसिड टेस्ट म्हटले होते.

वाणिज्य शाखेच्या मुलांना ती गुणोत्तर म्हणून भेटते. एखाद्या राइस मिलची देणी फेडण्याची ताकद पाहायची, तर गोदामातले धान आणि तांदूळ बाजूला ठेवायचे, कारण ते कधी आणि काय भावाने विकले जाईल सांगता येत नाही. हातातली रोकड, बँकेतली शिल्लक आणि लवकर येणारी येणी, एवढीच लवकर द्यायच्या देण्यांसमोर मांडायची.