ईयूएसचा वार

सकाळी ७ : अकोल्याहून पहाटेच्या गाडीने निघालेला तरुण शेतकरी बडनेऱ्याला उतरून अमरावतीत आमच्याकडे पोचलाय. रात्रीपासून उपाशी. "जेवलो का दुखते जी, पाठीलोक जाते. वाकून बसलो का थोडं बरं वाट्टे." दारू आणि बिडीबद्दल विचारतो. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचं वेगळं विचारावं लागतं, कारण आपल्या भागात त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. वजन उतरलंय का? शौचाला तेलकट होते का? घरात कुणाला कमी वयात मधुमेह?

८.३० : सीटी पाहतो. स्वादुपिंडात खडे नाहीत, नलिका फुगलेली नाही. सीटीवर खडे दिसले असते, तर निदानासाठी ईयूएस (एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, म्हणजे दुर्बिणीतून सोनोग्राफी) करावीच लागली नसती. सीटी-एमआरआयनंतरही शंका उरते तेव्हाच ही तपासणी करतो.

९.३० : डाव्या कुशीवर झोपवून भूल. दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा प्रोब असतो. पोटावरून पाहताना आतड्यातला वायू आड येतो. इथे मात्र जठराच्या भिंतीपलीकडेच स्वादुपिंड आहे. धड आणि शेपूट जठरातून, डोकं लहान आतड्याच्या सुरुवातीतून दिसतं.

मुख्य नलिका धडात ३.५ मिमीपेक्षा कमी, उपशाखा बारीक. पण नलिकेची कड चमकते, ग्रंथीत पांढरे धागे आहेत, सावली न पाडणारे ठिपके आहेत. क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिसच्या (स्वादुपिंडाच्या दीर्घकालीन दाहाच्या) २००९ च्या रोझमाँट निकषांनुसार ही तीन गौण लक्षणं. मधाच्या पोळ्यासारखी रचना किंवा सावली पाडणारे खडे नाहीत. निष्कर्ष : अनिर्णित.

११ : दर्यापूरकडच्या मावशी. दारू कधीच नाही, तरी तरुणपणापासून मधुमेह आणि स्वादुपिंडात खडे. निदान जुनंच आहे. आता वजन झपाट्याने उतरतंय, म्हणून गाठ शोधायची. खड्यांच्या सावलीमागचं काही दिसत नाही, त्यामुळे कोन बदलून बदलून पाहावं लागतं. डोक्याकडे संशयास्पद भाग सापडतो. सुईने नमुना घेऊन पॅथॉलॉजीला पाठवतो.

दुपारी २ : रिपोर्ट लिहितो. वय, दारू, धूम्रपान, लठ्ठपणा यांनीही असे धागे-ठिपके दिसू शकतात. दोन तज्ज्ञांचं मतही दर वेळी जुळत नाही. पडद्यावर दिसलं म्हणून सकाळच्या तरुणाच्या कागदावर 'क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस' लिहिणं सोपं आहे, पण तो शिक्का आयुष्यभर त्याच्यासोबत राहील.

४ : तरुणाची भूल पूर्ण उतरली. त्याची बायको विचारते, "मंग हाय का नाई बिमारी, डॉक्टरसाहेब?"

"आज हो म्हणता येत नाही ताई, आणि नाही असंही नाही. दारू-बिडी आजपासून बंद करा. साखर आणि शौचाची तपासणी करून घ्या. काही महिन्यांनी पुन्हा बघू."

मावशींना एन्झाइमची कॅप्सूल जेवणानंतर न घेता जेवतानाच घ्यायला सांगतो आणि नमुन्याच्या रिपोर्टची तारीख त्यांच्या मुलाला लिहून देतो.

या तपासणीला मिलिमीटरभराचा बदलही दिसतो. म्हणूनच त्या बदलाला रोग म्हणण्याआधी रुग्णाची सगळी कहाणी ऐकणं हे आमचं काम आहे.