उघड्या छताची मोटार आणि उन्हाची वेळ

दौंडच्या आमच्या मामांनी रेल्वेत गार्ड म्हणून तीस वर्षे काढली. मालगाडीच्या शेवटच्या डब्याच्या उघड्या सज्ज्यात उभे राहून त्यांनी रात्री-अपरात्रीचा वारा अंगावर घेतला. आता वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे कुरकुरतात, रक्तदाबासाठी रोज लघवी वाढविणारी गोळी घ्यावी लागते आणि मामी गेल्यापासून उंबरठ्याबाहेर पाऊल टाकण्याची इच्छाच उरलेली नव्हती. म्हणूनच माघात माझ्या मामेभावाने नवी मोटार घेण्याचे मनावर घेतले आणि मामा आपणहून म्हणाले, “घ्यायचीच तर वरून उघडणारी घे. जरा वारा लागू दे,” तेव्हा घरात सर्वांनाच बरे वाटले. मी आयुष्यभर रुग्णालयात काम केलेले, त्यामुळे भावाचा दूरध्वनी मला आला. “ताई, आबांची हौस आहे खरी, पण आपल्याकडच्या उन्हात हे जमेल का?”

आपल्याकडचे ऊन म्हणजे काय, हे शिरूर-दौंडच्या वाचकांना सांगायला नको. सह्याद्रीने पाऊस अडवावा आणि या बाजूस पर्जन्यछाया उरावी, असा हा मुलूख. वाळवंट नव्हे, घोड आणि भीमेच्या पाण्यावर ऊस डोलतो. परंतु चैत्र-वैशाखातील दुपारची हवा मात्र वाळवंटासारखीच कोरडी, आणि पारा चाळिशीला टेकतो. गंमत अशी की उघड्या छताची मोटार आपल्याला परकी नाही. शिरूर तालुक्यातल्याच रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत २०२१ पासून जीप रँग्लर जोडली जाते. तिचे छत भागाभागांनी काढून ठेवता येते. नाशिकला तयार होणारी महिंद्राची थार २०२० साली नव्या रूपात आली, तेव्हा तिच्यासोबत मागे दुमडता येणाऱ्या कापडी छताचा पर्यायही होता. नाव वाळवंटाचे, पण प्रत्यक्ष वाळवंटातला माणूस भर दुपारी डोके उघडे टाकून हिंडत नाही, हे ध्यानात घ्यावे.

वारा लागला की गार वाटते, हा आपला नित्याचा अनुभव. मात्र त्याला मर्यादा आहे. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून गरम झाली की वारा अंगातील उष्णता घेऊन जात नाही, उलट आणून ओततो. मग थंडावा देणारा एकच उपाय शरीराजवळ उरतो, तो म्हणजे घाम. ४० अंशांपुढे विजेचा पंखादेखील शरीर तापवितो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ताशी साठ किलोमीटर वेगाने धावणारी उघडी मोटार म्हणजे मोठा पंखाच. त्यातून कोरड्या वाऱ्यात घाम निघताक्षणी उडून जातो. सदरा ओला होत नाही, त्यामुळे आपल्याला घाम येतच नाही असे वाटते आणि पाणी प्यायचे राहून जाते.

वार्धक्यात हा हिशेब आणखी बिघडतो. घाम कमी सुटतो, तहानेची जाणीव बोथट होते. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनी शरीरातील पाणी आधीच उणे झालेले असते. रक्तदाबाची व हृदयाची काही औषधे नाडीची गती वाढू देत नाहीत, तर मानसिक आजारांवरील काही औषधे घाम रोखतात. याचा अर्थ गोळी आपल्या मनाने बंद करावी असा मुळीच नाही. उन्हाळा लागण्यापूर्वी डॉक्टरांना औषधांची यादी दाखवावी, आणि हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाणी किती प्यावे तेही विचारून घ्यावे. प्रवासात वृद्ध व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, अंग चटका बसण्याइतके तापले, तर ‘थकवा असेल’ म्हणून पुढे जाऊ नये. सावलीत थांबून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकाला बोलवावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

भावाने मग बंद छताच्या गाड्या पाहायला सुरुवात केली, आणि विक्रेत्याने त्याच्यापुढे काचेचे विस्तीर्ण छत ठेवले. आकाश दिसते, हे खरे. पण आमच्या उन्हात डोक्यावरची ती काच म्हणजे तापलेला तवा होऊ शकते. तिच्याखाली घट्ट, अपारदर्शक पडदा सरकत नसेल, तर ज्येष्ठांसाठी ती गाडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काळी फिल्म लावून भागेल, ही आशाही नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच तिला मनाई केली. नियमानुसार समोरच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे. रंग पांढरा किंवा फिकट असावा, बैठकीचे कापड काळे चामडी नसावे, आणि मागच्या आसनापर्यंत गार हवेचा झोत पोहोचावा. आपण आजी-आजोबांना बसवतो ते मागेच.

आणखी एक. शोरूमवाले गाडी दाखवायला सकाळी आणतात. आपण ती दुपारी दोन वाजता, उन्हात तासभर उभी केल्यावर पाहावी, आणि ज्यांच्यासाठी घ्यायची त्यांना सोबत न्यावे. आमच्या मामांना उंच गाडीत पाय टाकता येईना. तीन दारांच्या थारमध्ये मागे जायचे तर पुढचे आसन दुमडून अंग चोरून शिरावे लागते. तिथे ते नुसतेच हसले. आसन आपल्या नितंबांच्या उंचीला असावे, दारावर हाताला धरायला मूठ असावी, म्हणजे गुडघ्यावर भार न देता सरळ बसता येते.

उन्हात उभ्या गाडीत पहिल्या अर्ध्या तासातच हवा कमालीची तापते, काच बोटभर खाली ठेवल्याने फरक पडत नाही. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून कोणालाही आत बसवून जाऊ नये. इन्सुलिन वा गोळ्या पुढच्या कप्प्यात विसरू नयेत. निघताना दारे उघडून कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, मगच एसी लावावा.

शेवटी पांढऱ्या रंगाची, चार दारांची, साध्या पत्र्याच्या छताची मोटार आली. मामा दोन दिवस गप्प होते. “म्हणजे मला डब्यातच बसवणार,” एवढेच म्हणाले. तेव्हा भाचीच्या अधिकाराने मी त्यांना विचारले, “मामा, तुमची गाडी दौंडहून किती वाजता सुटायची?”

“पहाटेची मला फार आवडायची.”

चैत्रातल्या एका पहाटे साडेपाचला आम्ही सिद्धटेकला निघालो. कारखान्यांचा हंगाम संपलेला, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या नव्हत्या आणि हवेत पाचटाची राखही नव्हती. चारही काचा खाली होत्या. मामा पुढच्या आसनावर, कोपर खिडकीवर टेकवलेले, कानाला मफलर. भीमेचा पूल आला तेव्हा नदीवरून गार वारा आत शिरला. दर्शन घेऊन नऊच्या आत आम्ही घरी परतलो. उतरताना मामांनी काच स्वतःच वर केली आणि भावाला विचारले, “पुढच्या संकष्टीला रांजणगाव करू या का? चारला उठतो मी.”