वेगवान मोटारीच्या टायरांतील हवा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

टायरच्या कडेवर उमटविलेला दाबाचा आकडा हाच हवा भरण्याविषयीचा अंतिम हुकूम होय, अशी समजूत बाळगणारे मोटारप्रेमी आजही विपुल आहेत. वस्तुतः तो आकडा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो, आणि मोटारीस योग्य असा दाब तिच्या निर्मात्याने चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवर अथवा इंधनाच्या झाकणाच्या आतील बाजूस नमूद केलेला असतो. तोही चारही चाकांना सारखाच असतो असे नाही. पोर्शे ९११ या मोटारीचे इंजिन मागील आसाच्याही मागे असल्यामुळे साठ टक्क्यांहून अधिक भार मागच्या चाकांवर येतो, आणि म्हणूनच तिच्या मागच्या टायरांत पुढच्यांपेक्षा अधिक दाब ठेवण्याचा शिरस्ता आहे.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. उन्हाळ्यात हवा प्रसरण पावून टायर फुटतो, सबब ती आधीच थोडी कमी ठेवावी, असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. परंतु धावता टायर तापतो तो मुख्यत्वे त्याच्या बाजू पुनःपुन्हा वाकल्यामुळे. हवा जितकी कमी तितके हे वाकणे अधिक, आणि त्या उष्णतेनेच रबराचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. निर्मात्याने दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि धावताना होणारी वाढ त्यात गृहीत धरलेली असते. दुपारी दूरच्या प्रवासानंतर पंपावर थांबून वाढलेला दाब उतरविणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी सकाळी अपुऱ्या हवेवर निघतो.

शर्यतीच्या मार्गावरचा मामला निराळा आहे. २७ अंश सेल्सिअसला ३० पीएसआय भरलेल्या टायरातील हवा तेथे ८२ अंशांपर्यंत तापली, तर वायूंच्या नियमानुसार दाब सुमारे ३८ पीएसआय होतो. म्हणून जाणते चालक आरंभी दाब बेताने कमी ठेवतात, काही फेऱ्यांनंतर तापलेल्या टायरांचा दाब मोजतात आणि पृष्ठभागाचे तापमान आतील कडा, मध्य व बाहेरील कडा अशा तीन ठिकाणी तपासतात. मध्यभाग अधिक तापला तर हवा जास्त, दोन्ही कडा अधिक तापल्या तर हवा कमी, असा साधारण निष्कर्ष निघतो. चाकाच्या कलतेपणामुळे आतील कडा किंचित उष्ण असणे मात्र स्वाभाविक आहे. आरंभी दाब कमी ठेवण्याच्या या रीतीवरून ‘दाब जितका कमी तितकी पकड अधिक’ असा सिद्धान्त काढणे सर्वस्वी चूक होय. २०२१ साली बाकू येथील फॉर्म्युला वन शर्यतीत वेर्स्टाप्पेन आणि स्ट्रोल या दोन्ही चालकांच्या मोटारींचे मागचे डावे टायर भर वेगात निकामी झाले. आरंभीच्या दाबाचे नियम पाळले गेले असतानाही आतील बाजूची भिंत धावतानाच्या परिस्थितीमुळे तुटली, असे टायर पुरविणाऱ्या पिरेली कंपनीने जाहीर केले, आणि त्यानंतर दाबाच्या तपासणीचे नियम अधिक कडक करण्यात आले.

हवेऐवजी टायरांत भरल्या जाणाऱ्या नायट्रोजनविषयी एवढेच पुरे, की साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. त्याचा खरा लाभ कोरडेपणाचा आहे, आणि तो भरल्याने दाब तपासण्याची जबाबदारी टळत नाही.

तेव्हा वाचकांनी स्वतःचा विश्वासार्ह दाबमापक बाळगावा, मोटार निदान तीन तास उभी राहिल्यावरच दाब मोजावा, आणि शर्यतीच्या मार्गावर हवा उतरविली असेल तर परतीच्या रस्त्याला लागण्यापूर्वी ती पूर्ववत भरून घ्यावी.