आई शिकली, घर सावरलं

आज आपण अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या डॅलिन ओक्स यांची गोष्ट ऐकूया. त्यांचं कुटुंब मॉर्मन, म्हणजे येशू ख्रिस्ताला मानणाऱ्या एका पंथाचं.

१९४० मध्ये वडील क्षयाने गेले. डॅलिन सात वर्षांचे, पाठीवर दोन भावंडं. आई स्टेला यांनी मुलांना आजोळी शेतावर ठेवलं आणि स्वतः पुढचं शिकायला न्यूयॉर्कला गेल्या. परतल्यावर प्रोव्हो गावात प्रौढ शिक्षणाचं काम पाहिलं, नगर परिषदेवरही निवडून आल्या.

डॅलिन लहानपणी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाडलोट करत. पुढे रेडिओवर निवेदनही केलं. १९५७ मध्ये शिकागोत कायद्याची पदवी घेतली, मग वकिली आणि प्राध्यापकी केली. १९७१ मध्ये, अवघ्या ३८व्या वर्षी, ते प्रोव्होच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरूच म्हणा. तिथलं कायद्याचं महाविद्यालय त्यांच्याच काळात सुरू झालं.

गटातल्या एखादीचा नवरा गेला की आपण विचारतो, आता मुलांचं कसं होणार? यापुढे तिला हेही विचारूया, बाई, तुला काय शिकायचंय? आणि तोवर तिची मुलं कोण सांभाळणार, हे गटाच्या बैठकीतच ठरवूया.